हार्डटेलला रिजिड फोर्क: लांबी कशी ठरवायची

हार्डटेलचा, म्हणजे फक्त पुढेच सस्पेन्शन असलेल्या सायकलचा, सस्पेन्शन फोर्क काढून त्या जागी साधा, न दबणारा रिजिड फोर्क बसवायचं मनात आलं की बहुतेक जण आधी वजन बघतात, मग किंमत, मग रंग. लांबीचा आकडा बघायचा राहून जातो. माझंही पहिल्या वेळी असंच झालं. २६ इंची चाकांची सायकल होती, पुढे १०० मिमी ट्रॅव्हलचा, म्हणजे जास्तीत जास्त तेवढा दबू शकणारा, सस्पेन्शन फोर्क होता. त्या जागी मी ४१० मिमीचा स्टीलचा फोर्क बसवला, कारण तो हाताशी होता आणि चाक त्यात नीट बसत होतं. पहिल्याच उतारावर हँडल इतकं चंचल झालं की सायकल सरळ रेषेत ठेवायला झगडावं लागलं. जिथे पूर्वी कधी पेडल आपटलं नव्हतं, त्या वाटेवर ते दगडांना लागू लागलं. सायकल तीच, चाकं तीच, चालवणाराही तोच. फक्त फोर्क सहा सेंटिमीटरने आखूड झाला होता.

म्हणून नव्याने या वाटेला लागणाऱ्यांना मी एकच गोष्ट आधी सांगतो. नवा फोर्क जुन्या फोर्कच्या पूर्ण लांबीइतका नको. तुम्ही सायकलवर बसल्यावर जुना फोर्क दबून जेवढा उरतो, तेवढा हवा. खालच्या सगळ्या पायऱ्या हा एक आकडा काढण्यासाठी आणि तो आपल्या फ्रेमवर पडताळून बघण्यासाठी आहेत.

लांबी म्हणजे कुठून कुठपर्यंत

फोर्कची जी लांबी आपल्याला हवी आहे तिला अ‍ॅक्सल-टू-क्राउन म्हणतात. चाकाच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापासून क्राउनवरच्या (फोर्कचे दोन्ही पाय वर जिथे जुळतात तो भाग) त्या कडेपर्यंतचं अंतर, जिथे हेडसेटची (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगची) खालची रिंग, म्हणजे क्राउन रेस, येऊन टेकते. क्राउनच्या वर जो दांडा हेड ट्यूबमध्ये, म्हणजे फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीत, जातो तो स्टिअरर. त्याची लांबी वेगळी, तिचा या आकड्याशी संबंध नाही.

ट्रॅव्हल म्हणजेही लांबी नव्हे. 'माझा फोर्क १०० मिमीचा आहे, तर रिजिड कितीचा घेऊ?' या प्रश्नाला चाकाचा आकार सांगितल्याशिवाय उत्तरच नाही, कारण १०० मिमी ट्रॅव्हलचा २६ इंची फोर्क साधारण ४७० मिमी लांब असतो आणि त्याच ट्रॅव्हलचा २९ इंची फोर्क ५०० ते ५१० मिमी.

काही कंपन्या ही लांबी अ‍ॅक्सलपासून थेट तिरकी मोजतात, काही स्टिअररच्या रेषेला समांतर मोजतात. फोर्कचा अ‍ॅक्सल स्टिअररच्या रेषेच्या थोडा पुढे असल्यामुळे दोन्ही आकडे किंचित वेगळे येतात. ४८० मिमीच्या फोर्कला हा फरक साधारण २ मिमीचा असतो. तेवढ्याने काहीच बिघडत नाही, तेव्हा त्यात अडकू नका.

पहिली पायरी: जुना फोर्क मोजा

पुढचं चाक जमिनीवरून उचलून धरा, म्हणजे फोर्क पूर्ण उघडेल. मेजरिंग टेप अ‍ॅक्सलच्या मध्यावर धरा आणि क्राउनच्या वरच्या कडेपर्यंत, हेडसेटच्या खालच्या कपाला तो जिथे भिडतो तिथपर्यंत मोजा. चाकामुळे टेप सरळ धरता येत नसेल तर चाक काढून मोजा. दोनदा मोजा. एअर फोर्क बराच काळ सर्व्हिस केलेला नसेल तर आतली हवा चुकीच्या कप्प्यात जाऊन तो आतल्या आत ओढला गेलेला असू शकतो आणि पूर्ण उघडतच नाही. अशा वेळी तुमचं माप कंपनीने दिलेल्या लांबीपेक्षा एक-दोन सेंटिमीटरने कमी येईल. कंपनीच्या तक्त्यातला आकडा मिळत असेल तर तो शेजारी ठेवून ताडून बघा.

अंदाज यावा म्हणून काही आकडे देतो. २६ इंची, ८० मिमी ट्रॅव्हल: ४५० मिमीच्या आसपास. २६ इंची, १०० मिमी: ४७० च्या आसपास. २७.५ इंची, १०० मिमी: ४८५ ते ४९०. २९ इंची, १०० मिमी: ५०० ते ५१०. २९ इंची, १२० मिमी: ५२५ ते ५३०. २९ इंची, १४० मिमी: साधारण ५५०. तुमचं माप याच्या जवळपास आलं नाही तर मोजण्यात काहीतरी चुकलंय असं समजा.

दुसरी पायरी: सॅग काढा आणि वजा करा

सायकलवर बसल्यावर फक्त आपल्या वजनाने फोर्क जेवढा दबतो त्याला सॅग म्हणतात. हार्डटेलला पुढचा सॅग सहसा ट्रॅव्हलच्या २० ते २५ टक्के ठेवतात. तुमच्या फोर्कवर नेमका किती आहे ते पाच मिनिटांत मोजता येतं. फोर्कच्या वरच्या चकचकीत नळीवर रबरी रिंग असेल तर ती खाली सरकवून सीलला टेकवा. नसेल तर पातळ झिप टाय हलकेच बांधा. रोज चालवताना जे घालता-वाहता ते सगळं अंगावर घ्या, पाण्याची पिशवीसुद्धा. भिंतीचा आधार घेऊन किंवा कुणाला सायकल धरायला सांगून पेडलवर उभे राहा, नेहमीच्या पवित्र्यात, उसळी न मारता. मग अलगद उतरा. रिंग सीलपासून जेवढी वर गेली, तेवढा तुमचा सॅग.

आता वजाबाकी. २९ इंची, १०० मिमी ट्रॅव्हलचा फोर्क, लांबी ५०५ मिमी, सॅग २० मिमी: तुमचा आकडा ४८५. म्हणजे ४८० ते ४९० मिमीचा रिजिड फोर्क घेतला तर सायकल जवळजवळ पूर्वीसारखीच वळेल. २६ इंची, १०० मिमी, लांबी ४७०, सॅग २२: आकडा ४४८. माझ्या त्या पहिल्या सायकलला ४४५ ते ४५० चा फोर्क हवा होता आणि मी ४१० चा बसवला होता. चाळीस मिमीची चूक.

इथे जॉमेट्रीच्या तक्त्याबद्दल एक सावधगिरी. फ्रेमच्या तक्त्यात दिलेला हेड अँगल, म्हणजे हेड ट्यूबचा जमिनीशी होणारा कोन, बहुतेक वेळा फोर्क पूर्ण उघडा असतानाचा असतो, पण काही कंपन्या सॅग धरून आकडे देतात. तळटीप वाचा. पूर्ण उघड्या फोर्कवर हेड अँगल ६८ अंश लिहिलेला असेल, तर तुम्ही प्रत्यक्षात ६९ च्या आसपास चालवत आहात.

तिसरी पायरी: नेमका आकडा मिळाला नाही तर

बहुधा मिळत नाहीच. म्हणून फरकाचा परिणाम समजून घेणं जास्त मोलाचं आहे.

मागचं चाक जागच्या जागी राहतं आणि फोर्क बदलल्याने सगळी फ्रेम त्या चाकाच्या अ‍ॅक्सलभोवती किंचित फिरते. दोन चाकांमधलं अंतर साधारण ११०० मिमी धरलं तर हिशेब असा बसतो: फोर्क १० मिमीने बदलला की हेड अँगल जवळजवळ अर्ध्या अंशाने बदलतो. २० मिमीला एक अंश. फोर्क आखूड केला तर हेड अँगल उभा होतो आणि हँडल हलकं, चपळ, पुढे जाऊन अस्थिर वाटतं. लांब केला तर हेड अँगल पसरतो. उतारावर सायकल शांत राहते, पण चढावर मंद गतीत पुढचं चाक इकडेतिकडे भरकटायला लागतं.

त्याच वेळी बॉटम ब्रॅकेटची, म्हणजे पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात त्या जागेची, उंचीही बदलते, दर १० मिमीला साधारण साडेतीन मिमी. हा आकडा किरकोळ वाटतो, पण फोर्क ४० मिमीने आखूड झाला की पेडल १४ मिमी खाली येतं. खडकाळ वाटेवर तेवढ्यात सगळा फरक पडतो. सीटचा कोनही हेड अँगलइतकाच बदलतो, त्यामुळे फोर्क आखूड केला की सीट पुढे सरकल्यासारखी वाटते. ती रेल्सवर थोडी मागे घेऊन जमवता येतं. हँडलपर्यंतची पोच दर १० मिमीला पाचेक मिमीने बदलते, तिची काळजी करू नका. स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, बदलून ती सहज भरून निघते.

माझा अनुभव असा: सॅग वजा केलेल्या आकड्यापासून १० मिमी इकडे-तिकडे असेल तर दुसऱ्या दिवशी ते विसरायला होतं. २० मिमीचा फरक जाणवतो, पण मुद्दाम केला असेल तर हवाहवासाही वाटू शकतो. ३० च्या पुढे जाऊ नका.

मग लांब बाजूला झुकायचं की आखूड? खडबडीत वाटा, दगडी उतार असतील तर मी पाच-दहा मिमी लांब घ्यायला सांगेन. पेडलला जागा मिळते आणि हँडल शांत राहतं. सायकल मुख्यतः कच्चे रस्ते, लांबचे प्रवास, सामान लादून चालवणं यासाठी असेल तर नेमका आकडा किंवा पाच मिमी आखूडही चालेल.

एक गोष्ट मनातून काढून टाका: रिजिड केल्यावर सायकल उतारावर आपोआप घाबरवणारी होते, ही भीती. सस्पेन्शन फोर्क ब्रेक लावला की बुडतो. तीव्र उतारावर, नेमकं जेव्हा पुढचा भाग उंच हवा असतो तेव्हाच, तो दबलेला असतो आणि हेड अँगल उभा झालेला असतो. चढावर वजन मागे गेलं की तो उघडतो आणि पुढचं चाक हलकं होतं. रिजिड फोर्क यातलं काहीच करत नाही, लांबी सतत तीच. म्हणून नीट निवडलेल्या रिजिड फोर्कवर हातांना धक्के बसतात खरे, पण सायकलचा स्वभाव मात्र सरळ आणि ओळखीचा राहतो.

लांब ट्रॅव्हलच्या हार्डटेलची अडचण

१३०-१४० मिमी ट्रॅव्हलसाठी बनलेल्या आजच्या हार्डटेलला हा हिशेब जड जातो. ५५० मिमीच्या फोर्कमधून २८ मिमी सॅग वजा केला तर आकडा येतो ५२२. इतके लांब रिजिड फोर्क शोधून काढावे लागतात. २९ इंचीसाठी सहज मिळतात ते ४७० ते ४९५ च्या पट्ट्यातले. ४९० चा बसवला तर सॅगच्या स्थितीपेक्षा ३२ मिमी आखूड, म्हणजे हेड अँगल दीड अंशाने उभा आणि बॉटम ब्रॅकेट ११ मिमीने खाली.

पण अशा फ्रेमचा हेड अँगल मुळातच ६५-६६ अंशांचा असतो. तो दीड अंशाने उभा झाला तर फारसं बिघडत नाही, उलट साध्या वाटांवर सायकल चपळ होते. खरी अडचण पेडलची. १७५ मिमीचे क्रँक (पेडलचे दांडे) असतील तर १६५ मिमीचे लावा आणि पुढे जाडा टायर घाला, मग जमू शकतं. पण सायकल केवळ उतारांसाठी घेतली असेल तर मी मन वळवायचा प्रयत्न करेन: या फ्रेमला तिचा सस्पेन्शन फोर्कच राहू द्या.

जुन्या फ्रेमची उलटी गोष्ट

१९८९ साली रॉकशॉक्सचा आरएस-१ हा सस्पेन्शन फोर्क आला. त्याच्या आधीच्या आणि त्यानंतर काही वर्षांच्या माउंटन बाइकच्या फ्रेम रिजिड फोर्क गृहीत धरूनच बनत. त्या २६ इंची फ्रेमना साधारण ३९५ ते ४१० मिमीचा फोर्क लागतो. पुढे सस्पेन्शन रूढ झाल्यावर फ्रेमची पुढची बाजू लांब फोर्कच्या हिशेबाने आखली जाऊ लागली, आणि त्यांना जुळतील असे लांब रिजिड फोर्कही आले. त्यांनाच सस्पेन्शन-करेक्टेड म्हणतात. क्राउन आणि टायर यांच्यामध्ये मोठी मोकळी जागा दिसली की तो या जातीचा.

तेव्हा हातात जुनी फ्रेम असेल तर आधी ती कोणत्या काळातली ते बघा. ४०० मिमीसाठी बनलेल्या फ्रेमला ४५० चा फोर्क लावला तर हेड अँगल अडीच अंशांनी पसरेल आणि हेड ट्यूबवर ताणही जास्त येईल.

विकत घेण्याआधी घरी करून बघा

फोनमधलं कोन मोजणारं अ‍ॅप उघडा, सायकल सपाट फरशीवर सरळ उभी करा आणि फोनची कड फोर्कच्या वरच्या नळीला टेकवा. ती नळी स्टिअररच्या रेषेला समांतर असते, त्यामुळे थेट हेड अँगल कळतो. हा पहिला आकडा. आता मागच्या चाकाखाली सॅगइतक्या जाडीची फळी ठेवा, आकडा लिहा. मग जुन्या फोर्कची पूर्ण लांबी आणि तुम्ही बघितलेल्या रिजिड फोर्कची लांबी यांच्यातला फरक काढून तेवढ्या जाडीची फळी ठेवा, पुन्हा लिहा. दुसरा आणि तिसरा आकडा एकमेकांच्या जितके जवळ, तितकी नवी सायकल जुन्यासारखी. मागचं चाक उचलणं आणि पुढचा भाग खाली आणणं, कोनाच्या दृष्टीने सारखंच.

लांबीइतकीच उंची देणाऱ्या दोन गोष्टी

टायर आणि हेडसेट. फोर्कच्या जोडीने चाकही बदलणार असाल तर अ‍ॅक्सल किती वर-खाली होतो ते आधी काढा. २९ इंची रिमचा व्यास ६२२ मिमी, २७.५ चा ५८४, २६ चा ५५९. टायर तितकाच जाड ठेवून २९ वरून २७.५ वर आलात तर अ‍ॅक्सल १९ मिमी खाली येतो, म्हणजे तेवढाच लांब फोर्क हवा. उलट, २.२ इंची टायर काढून २.८ किंवा ३ इंची घातला तर पुढचा भाग दहा-पंधरा मिमीने उंचावतो. थोड्या आखूड फोर्कवर हा सगळ्यात सोपा उपाय आहे. रिजिड सायकलला जाडा टायर हवाच असतो, हातांना मिळणारा सगळा मऊपणा त्यातूनच येतो.

हेडसेटचा खालचा कप फ्रेमच्या आत बसणारा असेल आणि त्या जागी बाहेर राहणारा बसत असेल, तर साधारण दहा मिमी उंची मिळते. पण हे प्रत्येक हेड ट्यूबला जमत नाही.

ऑफसेटकडेही बघा

स्टिअररच्या रेषेपासून अ‍ॅक्सल जितका पुढे, तो ऑफसेट. २९ इंचीमध्ये ४२ ते ५१ मिमी आढळतो, जुन्या २६ इंचीमध्ये ४० च्या आसपास. हँडल किती स्थिर वाटतं ते ट्रेलवर ठरतं, म्हणजे स्टिअररची रेषा जमिनीला जिथे भिडते त्याच्या किती मागे चाक टेकतं यावर, आणि ट्रेल हेड अँगल व ऑफसेट दोघांवर अवलंबून असतो. ६८ अंश, ४४ मिमी ऑफसेट आणि २९ इंची चाक यांचा ट्रेल साधारण १०२ मिमी येतो. हेड अँगल एका अंशाने उभा केला तर तो सातेक मिमीने घटतो, आणि ऑफसेट ७ मिमीने वाढवला तरी जवळपास तेवढाच घटतो. याचा व्यवहारात उपयोग असा: नाइलाजाने थोडा आखूड फोर्क घ्यावा लागला तर कमी ऑफसेटचा शोधा. आखूडही आणि जास्त ऑफसेटचाही घेतला तर दोन्ही दोष एकाच दिशेने साठतात.

बसेल ना?

स्टिअरर सरळ २८.६ मिमीचा आहे की खाली रुंद होणारा टेपर्ड, ते हेड ट्यूबवर ठरतं. सरळ स्टिअरर टेपर्ड हेड ट्यूबमध्ये योग्य क्राउन रेस वापरून बसवता येतो, उलटं मात्र सहसा जमत नाही. अ‍ॅक्सल तुमच्या हबशी जुळायला हवा: ९ मिमी क्विक रिलीज, १५×१०० किंवा १५×११० बूस्ट. ब्रेकचं माउंट आयएस की पोस्ट, आणि फोर्कला किती मोठा रोटर चालतो, तेही आधीच बघा. टायरच्या वर आणि दोन्ही बाजूंना निदान सहा मिमी मोकळी जागा राहू द्या, चिखलाच्या दिवसांत त्याहून जास्त. फोर्क पूर्ण वळवल्यावर क्राउन खालच्या नळीला आपटत नाही ना, हे तपासा. आखूड फोर्कवर टायर आणि खालची नळी यांच्यातली जागाही कमी होते. फ्रेमच्या कंपनीने कमाल फोर्क लांबी दिलेली असेल तर ती रिजिडलाही लागू असते.

वस्तू कशाची घ्यावी यावर थोडक्यात: क्रोमोली स्टीलचा फोर्क एक किलोच्या थोडा पुढे-मागे, कार्बनचा त्याहून बराच हलका. सामान लादणार असाल तर स्टील घ्या. त्याला सहसा बाटलीचे आणि रॅकचे बोल्ट असतात आणि आपटल्यावर काय झालंय ते डोळ्यांना दिसतं.

बसवल्यावर

स्टिअरर लगेच कापू नका. लागणारी लांबी म्हणजे हेड ट्यूब, हेडसेटचा वरचा-खालचा भाग, स्पेसर आणि स्टेमची उंची यांची बेरीज. पण पहिले काही दिवस जास्तीचे स्पेसर स्टेमच्या वर ठेवून चालवा. कार्बन स्टिअरर असेल तर आतला एक्स्पांडर (स्टिअररला आतून आधार देणारा तुकडा) स्टेम जिथे आवळतो त्याच उंचीवर आला पाहिजे, ही खात्री केल्याशिवाय स्पेसर वर चढवू नका.

टायरमधली हवा नेहमीपेक्षा थोडी कमी करा आणि ओळखीच्या वाटेवर जा, नव्या नको. एकदा स्टेम सगळ्यात वर ठेवून, एकदा एक स्पेसर खाली, एकदा दोन. एक चढ, एक उतार, एक अरुंद वळण, तीच जागा प्रत्येक वेळी. प्रत्येक बदलानंतर हेडसेटमध्ये ढिलाई आहे का ते पुढचा ब्रेक दाबून, सायकल पुढे-मागे हलवून बघा. हाताला उंची पटली की स्टेमच्या वरच्या कडेवर स्टिअररला खूण करा, फोर्क काढा आणि त्या खुणेच्या तीन मिमी खाली कापा.